हिरवी खूण आणि लाल पेन्सिल

याडी,

परवा मी ऑफिसात ओरडले. आवाज चढवला एवढंच नाही, चांगली ओरडले, अशी की खालचा चहावाला कप हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. "कोण्या गाढवानं लिहिलं हे?" असं म्हणाले. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई, यवतमाळच्या भर ऑफिसात, साहेबांच्या केबिनसमोर. तुला आवडलं नसतं हे मला माहीत आहे. तू कधी ओरडायची नाहीस, तुझं ओरडणं म्हणजे चष्मा काढून टेबलावर ठेवणं. पण आधी सगळं ऐकून घे. तुला जाऊन बारा वर्षं झाली, एवढ्या वर्षांत मी तुझ्याकडे काही गाऱ्हाणं घेऊन आले नाही, आज आलेय. आपण मायलेकी घरात बंजाऱ्यांच्या गोर बोलीत बोलायचो, ती मला कागदावर नीट उतरवता येत नाही, म्हणून मराठीत लिहितेय. भांडायचं असलं की मला मराठीच सुचते.

झालं असं. झरी जामणी तालुक्यातून एका नर्सचा फोन आला. तू मुकुटबनच्या बाजूला जशी उपकेंद्रावर होतीस तशीच ही, वयानं लहान, आवाजात दम लागलेला. त्या भागात गावांत आणि कोलाम आदिवासींच्या पोडांवर, म्हणजे वस्त्यांवर, सिकलसेलची तपासणी चालते. रक्ताचा आजार, तू नोकरीत असतानाही होता, फक्त तेव्हा त्याला नाव नव्हतं, लोक म्हणायचे पोराले वारा लागला. आता बोटातून रक्त घेतात, निकाल मोबाइलवर भरतात, आणि ज्याला आजार निघाला त्याचं नाव गोळ्यांच्या यादीत जातं. ते भरून घेणारं सॉफ्टवेअर आमच्या कंपनीचं, आणि त्याचा डेटाबेस माझ्याकडे. नर्स म्हणाली, "मॅडम, एका पोडावरची कोलामाची पोरगी हाय, आठेक वर्षांची. तिले तीनदा टोचलं म्या. तिन्ही खेपा माहिती भरली, तिन्ही खेपा हिरवी खूण आली, जतन झालं म्हणून. अन् गोळ्या आणाले गेलो का म्हणते लिस्टमंदी नावच नाही." मी म्हटलं, असं कसं होईल? तर ती म्हणाली, "मले कायले इचारता? तिसऱ्या खेपेले त पोरीनं सोताच बोट पुढं केलं. अन् तिची माय काय म्हणे, नाव नाही त मंग दुखून कोणाले राह्यलं?"

ऐकलंस ना, याडी? नाव नाही तर मग दुखतंय कोणाला! पोरीचे गुडघे सुजतात, ती रात्रंदिवस कण्हते, आणि आमच्या कपाटात ती जन्मालाच आलेली नाही.

तुला समजेल असं सांगते. डेटाबेस म्हणजे तुझी सगळी रजिस्टरं एका कपाटात. नर्स मोबाइलवर जे भरते ते थेट कपाटात जात नाही. मध्ये एक कारकून बसवलेला असतो. तो माणूस नाही, आम्ही लिहून ठेवलेली कामाची रीत आहे, तिला स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. तो कारकून नाव तपासतो, गाव तपासतो, निकाल लिहितो, आजार असेल तर गोळ्यांच्या यादीत नाव चढवतो, आणि नर्सला सांगतो, झालं. त्या रीतीत दोन खण असतात. पहिल्यात काम. दुसऱ्यात, काम बिघडलं तर काय करायचं ते. दुसऱ्या खणात काय असावं हे शिकवायला कॉलेज लागत नाही: अर्धवट झालेलं पुसून पहिल्यासारखं कर, काय बिघडलं ते वेगळ्या वहीत लिहून ठेव, आणि ज्यानं काम दिलं त्याला तोंडावर सांग की बाई, झालं नाही. आमच्या प्रोसिजरमध्ये तो दुसरा खण रिकामा होता. बिघाड त्यात जाऊन पडायचा, कुठे नोंद नाही, कुणाला निरोप नाही. आणि खाली, काम झालेलं असो नाहीतर बुडालेलं असो, एकच उत्तर: जतन झाले. हिरवी खूण.

आता बिघाड काय होता ते ऐक, म्हणजे तुझाही चष्मा टेबलावर जाईल. आमच्या कपाटात गावांची यादी आहे ती महसुली गावांची. पोड त्यात नाही. तांडा त्यात नाही. डोंगराच्या कडेला वीस घरं असतील, त्यांची शाळा असेल, देव असेल, भांडणं असतील, पण कागदावर ती खालच्या मोठ्या गावात जमा. माझ्याच दाखल्यावर बघ ना, ढाणकीच्या बाजूच्या आपल्या तांड्यात जन्मले मी, आणि लिहिलंय शेजारच्या गावाचं नाव, जिथे आपल्याला विहिरीवर सुद्धा लवकर कुणी उभं करत नव्हतं. म्हणून यंदा मी भांडून, बैठकीत तीनदा हात वर करून, स्क्रीनवर पोड आणि तांडा लिहायला जागा करून घेतली. नर्सांना बरं वाटलं, कारण गोळ्या मोठ्या गावात पोचून उपयोग नाही, पोडावर पोचायला पाहिजेत. त्या मनापासून पोडांची नावं लिहू लागल्या. कारकून ते नाव यादीत शोधायचा, सापडायचं नाही, गावाची जागा कोरी सोडता येत नाही म्हणून काम तिथेच मोडायचं, आणि रिकाम्या खणात पडायचं. ज्यांचं नाव कागदावर यावं म्हणून मी भांडले, नेमकी तीच लेकरं यादीतून गेली. खालच्या गावातली सगळी नीट जतन झाली!

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट नाहीत, दिवाळीला स्वतःच्या हातानं डबा भरून देतात. पण त्यांनी जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "मॅडम, पहिले आठवते का, दिवसभर फोन वाजत राहे, एरर आली, लाल पट्टी आली. आता एक तरी फोन येते का? सिस्टम कशी स्मूथ चालून राह्यली." मी म्हटलं, सर, फोन येत नाही कारण आपण त्यांचं तोंड दाबलंय. ते म्हणाले, "तुम्ही टेन्शन कायले घेता? त्या पोरीचं नाव हातानं टाकून द्या, विषय संपला. झाकली मूठ सव्वा लाखाची." झाकली मूठ! त्या मुठीत कोण आहे ते तरी उघडून बघा म्हटलं. एका पोरीचं नाव मी हातानं टाकीन, बाकीच्यांचं काय? बाकीचे किती, असं त्यांनी विचारलं. आणि खरी आग इथेच आहे याडी, मला सांगता येईना. किती लेकरं गेली, कोणत्या पोडांवरची, केव्हा, काहीच सांगता येईना, कारण बिघाडाची नोंद ठेवणारी ओळच कुणी लिहिली नव्हती. चोरी झाली हे कळलं, पण काय चोरलं ते कळायला मार्ग नाही. तेव्हा मी बाहेर येऊन ते गाढवाचं वाक्य ओरडले.

ओरडून झाल्यावर खुर्चीत बसले आणि मला तुझं उपकेंद्र दिसायला लागलं. दोन खोल्या, पुढे दवाखाना, मागे आपण. मागच्या खोलीत चूल, आणि चुलीच्या वर फळीवर तुझी रजिस्टरं, धुरानं कडा पिवळ्या झालेली, कारण पुढच्या खोलीत उंदीर होते. मी सहावीत आहे. तू भाकरी थापतेस आणि मी ओट्यावर बसून तुझं महिन्याचं वजनाचं पत्रक उतरवून काढतेय, कारण माझं अक्षर तुझ्यापेक्षा चांगलं. एका लेकराच्या नावापुढे वजन नाही. तू त्या दिवशी काटा घेऊन गेली होतीस आणि ते पोर आईबरोबर रानात गेलेलं. मला ती कोरी चौकट बघवेना. वरच्या खालच्या पोरांची वजनं बघून मधलं एक टाकलं. पत्रक कसं भरगच्च दिसायला लागलं! तू हात पुसत आलीस, बोट लावून एकेक नाव वाचलंस, आणि त्या नावाशी थांबलीस. चष्मा काढलास.

"काहून भरलं?" एवढंच म्हणालीस. मी म्हटलं, ती चौकट खाली, रिकामी दिसत होती. तू म्हणालीस, "खाली राह्यलं असतं त मले दिसलं असतं का ह्याले मोजाचं हाय. तू भरून ठेवलं, आता मले काय दिसन? मी त ह्या लेकराले इसरूनच जाईन ना!" मारलं नाहीस. तवा उतरवलास, भाकरी तशाच फडक्यात गुंडाळल्यास आणि मला घेऊन त्या पोडाची वाट धरलीस. ऊन डोक्यावर, तुझ्या खांद्यावर काटा, माझ्या पायात तुटक्या चपला, आणि सगळी वाट मी मनात तुला शिव्या देत होते. पोर सापडलं. काट्याला लटकवलं तर ते पानासारखं हलकं, माझ्या आकड्याच्या कितीतरी खाली. तू माझ्याकडे बघितलंस सुद्धा नाहीस. त्याच्या आईशी बोलत बसलीस, आणि तिच्या झोपडीसमोर बसून आपण त्या थंड भाकरी खाल्ल्या. ते पोर जगलं, पुढे दोन वर्षांनी आपल्या दारात येऊन पेरू मागायचं, आठवतं?

आणि लसीचा तो दिवस. एसटी वाटेत बंद पडली, तू डबा डोक्यावर घेऊन उरलेली वाट चालत आलीस, उघडून बघतेस तर बर्फाचं कोमट पाणी. सकाळपासून बाया लेकरं घेऊन पिंपळाखाली बसलेल्या, एक दिवसाची मजुरी बुडवून. तालुक्याहून आलेले मोठे साहेब तुला बाजूला घेऊन म्हणाले, "टोचून टाका बाई, कोणाले काय समजते." तू टोचलं नाहीस. बायांना सांगितलंस, लस खराब झाली, परत जा, मंगळवारी या. त्यांनी तुला काय काय म्हटलं! एकीनं तर तांड्याचं नाव काढून म्हटलं, जे मी इथे लिहीत नाही. तू खाली मान घालून रजिस्टर उघडलंस आणि लाल पेन्सिलीनं पानभर लिहिलंस, बर्फ वितळला, लस वाया, आज एकाही लेकराला टोचले नाही. तुझा नियम होता, कार्डावर लिहिलं तर रजिस्टरातही, नाहीतर दोन्हीकडे नाही. एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही असं मधलं काही तुला चालायचंच नाही. चूक झाली तर खोडरबर नाही, एकच रेघ, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला कारण, खाली सही. त्या लाल पानाबद्दल तुला वरून मेमो आला. आमच्या साहेबांच्या भाषेत तुझी सिस्टम स्मूथ नव्हती ना!

माझ्या क्षेत्रात ह्याच गोष्टींवर जाडजूड पुस्तकं आहेत. मी ती वाचली, परीक्षा दिल्या, पण शिकले मी चुलीपाशी. बारावीनंतर यवतमाळला निघाले तेव्हा तू मला तुझी पेन्सिल दिलीस, एका टोकाला लाल, एका टोकाला निळी. इतर पोरींच्या आयांनी सोन्याच्या रिंगा दिल्या होत्या. मी एसटीत बसून रडले होते, तुझ्यासाठी नाही, रिंगांसाठी.

असो. परवा मी कुणाला न विचारता ती प्रोसिजर दुरुस्त केली. रिकामा खण भरला. बिघाड झाला की अर्धं काम उलटतं, वेगळ्या तक्त्यात नोंद होते, कोणती नर्स, कोणतं लेकरू, कोणतं पोड, काय अडलं, आणि नर्सच्या स्क्रीनवर साध्या मराठीत लाल अक्षरं येतात: नोंद झाली नाही, हे पोड यादीत नाही. मग पोडं आणि तांडे यादीत चढवायला बसले. पण नर्सांकडून एकेक नाव यायचं, ते काय एका दिवसात संपतंय! काल सकाळी जिल्हाभर मोबाइल लाल झाले. फोनवर फोन. एका तालुक्याचे अधिकारी साहेबांना म्हणाले, "इतके दिवस चांगलं चालू होतं, काल बाईनं हात लावला अन् बिघडून ठेवलं." साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, सोमवार सकाळपर्यंत जुनं परत लावा, नाहीतर दुसरीकडे काम बघा. मी म्हटलं, बघते. सर, दुसरं काम बघते, जुनं नाही लावत. घरी येऊन आधी बँकेचं पासबुक काढून बघितलं, खोटं कशाला सांगू.

झरीच्या त्या नर्सनं मात्र शाळकरी वहीत सगळं लिहून ठेवलं होतं. "कम्प्युटरचा काय भरोसा, मॅडम," म्हणाली. मला राग यायला हवा होता, मी मनातल्या मनात तिच्या पाया पडले. पोरीचं पोड यादीत चढवून त्या वहीतून तिचा निकाल चौथ्यांदा भरला, न टोचता, आणि ह्या वेळची हिरवी खूण मी स्वतः कपाट उघडून तपासली. गोळ्या मंगळवारी पोडावर जाणार आहेत. पण ज्या नर्सांनी आमच्या हिरव्या खुणेवर विश्वास ठेवला आणि वही ठेवली नाही, त्यांच्या लेकरांची बोटं पुन्हा टोचावी लागणार. विश्वास ठेवणाऱ्यांनाच शिक्षा, हा कुठला न्याय?

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली. प्रत्येक प्रोसिजरच्या माथ्यावर लिहिणाऱ्याची आद्याक्षरं आणि तारीख असते. ओरडून झाल्यावर शेजारच्या टेबलावरची पोरगी म्हणाली, "मॅडम, ते सोडून गेलेले सर होते ना, त्यांनीच लिहिलं असन." मी फाइल वर सरकवली. आद्याक्षरं माझी होती. आणि तो खण रिकामा होता असं मी म्हणतेय, तेही पूर्ण खरं नाही. त्यात एक ओळ होती, कारकून वाचत नाही अशी, स्वतःसाठी लिहून ठेवलेली: उद्या भरते. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी फाइल खाली सरकवली आणि त्या पोरीला म्हटलं, असेल. साहेबांनी वर पाठवायच्या खुलाशात त्या सोडून गेलेल्या सरांचं नाव घातलं, आणि मी गप्प राहिले.

तो खुलासा आत्ता माझ्यासमोर ओट्यावर आहे, उद्या माझ्या सहीनं जायचा. तुझी पेन्सिल आता बोटभर उरलीय, लाल टोक निळ्याच्या आधी संपत आलं. त्या सरांच्या नावावर मी एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. बाजूला माझं नाव लिहिलं. कारणाच्या जागेशी येऊन थांबलेय, म्हणून हे पत्र.

कारण असं. बारा वर्षांपूर्वीची ती तारीख बघितल्यावर मला सगळं आठवलं. तू वणीच्या दवाखान्यात होतीस. साहेबांनी सकाळी सांगितलं होतं, उद्या सिस्टमची तपासणी आहे, संध्याकाळच्या आत लाल पट्टी दिसली नाही पाहिजे. माझी चारची एसटी होती. पट्टी घालवायला रिकामा खण पुरला, मी तो रिकामा ठेवला, आणि पळत स्टँडवर आले. तुझ्यापाशी पोचले तेव्हा तू जागी होतीस. माझा हात धरून, एवढ्या दुखण्यात, तू काय विचारावंस? "काम नीट करून आली ना, बाई?" पहाटे तू गेलीस, आणि माझ्या तोंडून तू ऐकलेलं शेवटचं उत्तर तेच. मी म्हटलं होतं, हो याडी, झालं सगळं.

झालं नव्हतं.